पाय लागला

सकाळी सव्वासातला बेथेस्डात पाव घेतला.
दुकानदार म्हणाला, वर वारा आहे.
घरात पाहुणे आहेत, या सुरात.

ऑग्वेन तळ्याकाठी गाडी लावली.
ट्रिव्हान समोरच. पदर नाही, प्रस्तावना नाही,
रस्ता संपतो तिथे कातळ लागतो.
हेरंबने गुडघ्याला पट्टा बांधला
आणि नेहमीसारखं म्हणाला, नावापुरता.
सुनेत्राने धपाट्यांची पुडकी वाटली, ज्याचं ओझं त्याने.
ग्लेनिस पुढे, बासष्ट वर्षांची,
लेकीच्या जुन्या जांभळ्या कानटोपीत.

मी तिला आपले शब्द शिकवत होते:
सोंड, खिंड, घळ, घसारा.
‘घ’ तिच्या तोंडात बसेना. गसारा, म्हणायची,
पायाखालचा मात्र अस्सल घसरत होता.

बढाईही मारली होती, खोटं कशाला सांगू.
विशीत अलंग-मदन केलंय दोन दिवसांत,
नऊशे सतरा मीटर म्हणजे काय!
नऊशे सतरा मीटर म्हणजे, दुपारी कळलं,
नऊशे सतरा वेळा एकेक मीटर.

तोफेसारखा एक दगड आभाळावर रोखलेला,
तिथे पाणी प्यायलो.
मग ढग आला आणि बोलणं संपलं.
चौघांचे श्वास, आणि हेरंबच्या पट्ट्याचं वेल्क्रो,
निघायचं, लागायचं,
निघायचं, लागायचं.

उत्तरेच्या बुरुजाखाली ती जागा.
पुरुषभर उंच कातळ, ओला,
वर हाताला लागेल न लागेल अशी एक कपार.
माझा उजवा पाय हवेत चाचपडत राहिला,
डावा शिवणयंत्रासारखा थरथरायला लागला.
अलंग-मदन आठवलं नाही.
आठवलं ते घरच्या गॅसचं बटण.

ग्लेनिस परत खाली उतरून आली.
एक गुडघा टेकला, दुसरा पुढे केला,
मांडीवर थाप मारून म्हणाली, दे पाय.
मी म्हटलं, नको, बुटाला चिखल आहे.
चिखलाचा प्रश्नच नव्हता.
वडीलधारं माणूस, आणि त्याच्या अंगावर
बूट घालून उभं राहायचं!
दे गं, म्हणाली, मला थंडी वाजतेय.

दिला.
तिची मांडी तसूभर हलली नाही.
बोटं कपारीत गेली, पोट कातळाला खरवडलं,
वर.

ती मागून आली तेव्हा माझा हात
आपणहून गेला तिच्या विजारीवरच्या
बुटाच्या ठशाकडे, आणि तिथून कपाळाला.
हे काय?
पाय लागला की करायचं असतं आमच्यात.
पुस्तकाला लागला तरी. झाडूला लागला तरी.
नोटेला लागला तरी, सुनेत्रा वरून ओरडली.
ग्लेनिस हसली नाही. चालू लागली.

माथ्यावर दोन दगड, माणसाहून उंच, जोडीने उभे.
एकावरून दुसऱ्यावर उडी मारायची, असा रिवाज.
पोरं मारत होती.
हेरंबने डोळ्यांनी अंतर मोजलं,
सुनेत्राने हेरंबला.
दोन मिनिटं ढग फाटला: तळं, रस्ता,
लांब खाणीच्या पायऱ्या,
जिथे ग्लेनिसचा आजा पाटीचा दगड फोडायचा,
ज्यावर आपण अ-आ गिरवला तसला.
धपाटे गार, चिवट.
मी तीन खाल्ले, त्यातला एक हेरंबचा.

निघताना ती मागे राहिली.
हातमोजा काढला, वाकली,
दगडाला बोटं लावली, मग कानटोपीच्या काठाला.
आमच्याकडे न बघता म्हणाली,
एकोणिसाव्या वर्षापासून देतेय पाय याच्यावर.

उतरायला चढण्याहून जास्त वेळ लागला.
पट्टा कुठेतरी राहिला, आणि हेरंब
त्याच्याविषयी गाडीपर्यंत बोलत राहिला.
बूट काढले तेव्हा चौघांच्या पायांना
एकच वास येत होता.
काच खाली करा, सुनेत्रा म्हणाली.
थंडी होती. कुणी केली नाही.